आधी किंगपिन की बिग बँग बार?

कारखान्याबाहेर कधी पडलीच नाहीत अशी पिनबॉल मशीनं व्हिज्युअल पिनबॉल या कम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये खेळून बघायची ठरवली, की गाडी बहुधा याच दोन नावांपाशी येऊन थांबते. दोन्ही कॅपकॉम या गेम कंपनीची, 1996 ची. शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्समधला पिनबॉलचा गाशा कंपनीने गुंडाळला तेव्हा किंगपिनचे 9 नमुने झाले होते, बिग बँग बारचे 14. (विल्यम्स या दुसऱ्या कंपनीचं 'विझर्ड ब्लॉक्स' कुणी सुचवेल, पण 1999 मध्ये तिचा पिनबॉल विभागच बंद झाला आणि ते अर्धवट राहिलं. तुलना करायची कशाशी?)

पहिल्या भेटीत बिग बँग बारच भाव खाऊन जातं. अंतराळातला दारूचा गुत्ता, चित्रविचित्र गिऱ्हाइकं, नळीत गिरक्या घेणारी नर्तकी. दहाएक वर्षांनी जीन कनिंगहॅम यांनी इलिनॉयमध्ये त्याची दोनशेच्या आत मशीनं पुन्हा बनवलीही. म्हणजे 'न जन्मलेलं' हे नाव त्याला तसं शोभत नाही, असो.

माझं घोडं अडलं ते आवाजापाशी. आमचा कम्प्युटर हॉलमध्ये, पलीकडे स्वयंपाकघर. बारमधल्या बायकांचं ते लाडिक, सूचक बोलणं सुरू झालं की आतून आई विचारते, "कोण आलंय रे?" आवाज बंद करावा तर पिनबॉल निम्मं कानानेच खेळायचं असतं, आता कुठे मारायचं ते मशीन बोलून सांगतं. हेडफोन लावावेत तर कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे. दोनदा भात लागला.

किंगपिनमध्ये दारूबंदीच्या काळातले अमेरिकन गुंड आहेत, बंदुका आहेत. आईला त्याचं काही वाटत नाही, मालिकांमध्ये ती रोजच ऐकते. आखणी मार्क रिची यांची, 'फिश टेल्स' आणि 'इंडियाना जोन्स' या पिनबॉल मशीनवाले. मला तरी इथे बॉल गेला की आपलीच चूक झाली असं वाटतं, आणि म्हणून आणखी एक डाव होतो. बारवर तीन डाव झाले की मी उठायचो. इथे साडेअकरा कधी वाजतात कळत नाही. हा माझा अनुभव, तुमच्या घरी उलटंही होईल. चार मित्र जमणार असतील तर बारच लावा, मजा येते.

दोन्हींसाठी एकच सांगणं: फ्लिपर, म्हणजे बॉल उडवणारे दांडे, शिफ्टच्या बटणांवर असतात, तेव्हा शिफ्ट सारखं दाबलं की विचारणा करणारं विंडोजचं 'स्टिकी कीज' आधी बंद करा. नाहीतर ऐन मल्टीबॉलमध्ये, एकदम अनेक बॉल सुटलेले असताना, त्या विचारणेचा चौकोन मधे येऊन बसतो.