प्लेराइट काही महिने वापरल्यावर: एकट्या ट्रेससाठीसुद्धा घ्या

प्लेराइट म्हणजे वेबसाइटच्या टेस्ट ब्राउझरमध्ये आपोआप चालवणारं टूल. आमचं आधीचं टूल पैसे भरून घेतलेलं, रेकॉर्ड करा नि चालवा टाइपचं, नाव घेत नाही. रिन्यूअलचा आकडा आला आणि त्याच सुमारास चेकआउटची टेस्ट रात्रीच्या रनमध्ये पडायला लागली, रोज नाही, मधूनच. सपोर्टचं एकच उत्तर, वेट (टेस्टने पानासाठी थांबायचा वेळ) वाढवा. रिपोर्टमध्ये एक स्क्रीनशॉट, त्यात लोडर फिरतोय, त्यावरून काय डोंबल कळणार? पैसे भरायचे नाहीत असं ठरलं आणि प्लेराइट लावलं.

मायक्रोसॉफ्टचं आहे, २०२० पासून आहे, फुकट आहे, ऑटो-वेटिंग आहे (बटण तयार होईपर्यंत स्वतःच थांबतं), हे सगळ्यांना माहितीये. मला बोलायचंय ट्रेसवर, म्हणजे टेस्ट चालताना काय काय झालं त्याच्या नोंदीवर. टेस्ट पडली की एक झिप मिळते, ती उघडली की प्रत्येक क्लिकच्या आधीचं आणि नंतरचं पान, नेटवर्क कॉल, कन्सोल, सगळं ओळीने समोर. आमच्याकडे कूपनचा कॉल उशिरा यायचा, तो आला की पेमेंटचं बटण परत रेंडर व्हायचं (पानावर नव्याने बनायचं) आणि आधी झालेला क्लिक वाया जायचा. म्हणजे टेस्ट बरोबरच होती, खऱ्या गिऱ्हाइकालाही हेच होत असणार! इतके दिवस वेट वाढवून आम्ही बग झाकत होतो.

फक्त एक बघा, तयार मिळणाऱ्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) ट्रेस 'ऑन-फर्स्ट-रिट्राय' असतो, म्हणजे पडलेली टेस्ट पहिल्यांदा परत चालवली (रिट्राय) तरच ट्रेस बनतो, आणि आपल्या मशीनवर रिट्राय शून्य, त्यामुळे तिथे ट्रेस बनतच नाही. 'रिटेन-ऑन-फेल्युअर' करून टाका, टेस्ट पडली की ट्रेस राहतो.

सीआयवरचे (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवरचे) दोन रिट्राय मला सुरुवातीला फार आवडले होते, आता मत बदललंय. दुसऱ्या वेळी पास झालेली टेस्ट फ्लेकी (कधी पास, कधी नापास) म्हणून दाखवतात खरी, पण बिल्ड, म्हणजे तो सगळा रन, हिरवाच, पास झालेला, आणि हिरव्या बिल्डचा रिपोर्ट कोणी उघडत नाही. 'फेल-ऑन-फ्लेकी-टेस्ट्स' हा फ्लेकी टेस्ट असली तरी बिल्ड नापास करणारा पर्याय आहे, तो लावल्यापासून टीममध्ये कुरकुर आहे पण बग सापडतायत.

सायप्रेस हे असंच दुसरं टूलही बघितलं होतं, स्क्रीन छान आहे, पण दुसरा टॅब थेट हाताळता येत नाही आणि आमचं पेमेंट नव्या टॅबमध्ये उघडतं, विषय संपला. सेलेनियम या आधीपासूनच्या टूलचा जुना कोड भरपूर असेल तर मात्र उगाच फेकू नका, ४.६ व्हर्जनपासून ड्रायव्हर (ब्राउझर चालवणारा प्रोग्रॅम) ते स्वतःच उतरवून घेतं, क्रोमची व्हर्जन जुळवत बसायचा वैताग गेलाय.

प्लेराइटचा त्रास म्हणजे अपग्रेड केलं की ब्राउझर परत डाउनलोड, आणि डॉकर इमेजची (ब्राउझरसकट तयार मिळणाऱ्या पॅकची) व्हर्जन प्लेराइटच्या पॅकेजशी जुळली नाही तर ब्राउझरच सापडत नाही. शिवाय त्यातलं वेबकिट (सफारीचं इंजिन वापरणारा ब्राउझर) म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे, इंजिन तेच पण बिल्ड वेगळा. म्हणून वाचलेल्या पैशातून ऑफिसला एक जुना आयफोन घ्यायला लावला, रिलीजच्या आधी चेकआउट त्यावर हाताने करतो.