माशांचा माग काढणारा अकूस्टिक रिसीव्हर, वापरून कसा वाटला

रिसीव्हर एकदम दणकट, पाण्याखाली महिनोनमहिने राहिला, वर शेवाळ-शिंपले चढले तरी माशांना लावलेल्या टॅगचे (आवाज सोडणाऱ्या छोट्या यंत्रांचे) ६९ किलोहर्ट्झवरचे पिंग, म्हणजे टॅगचा नंबर सांगणारे आवाजाचे ठोके, नोंदवत राहिला आणि बाहेर काढल्यावर ब्लूटूथने डेटा पटकन उतरला. पण रेंजच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका हं, लाटा, बोटींचा आवाज, पाण्यातले तापमानाचे थर यांच्यामुळे ती सारखी बदलते, त्यामुळे ठरावीक अंतरावर एक टॅग बांधून रेंज टेस्ट कराच. टॅगवाले बरेच मासे एका जागी जमले की पिंग एकमेकांवर आदळतात, मग काही नोंदी बुडतात आणि कधीकधी तर तिथे नसलेल्याच माशाचा नंबर उमटतो! सॉफ्टवेअर अशी एकेकटी संशयास्पद डिटेक्शन (नोंदी) वेगळी काढून दाखवतं, हे मला फार आवडलं. रिसीव्हरच्या घड्याळात पडलेला फरकही तेच सुधारतं. ग्राफ मात्र अगदीच साधे.