सागवानी महाल, सहा हजार नऊशे नव्व्याण्णव

आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, चिंगी आणि बुंदी. दोघी माद्या. लेकीच्या हट्टापायी आल्या आणि हॉलमध्ये एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये राहू लागल्या. दोन महिन्यांत हॉलला वास यायला लागला आणि बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "यांना परसात हलवा, नाहीतर मी माहेरी जाते." नाशिकला आमचं रो-हाऊस आहे, मागे बारा-पंधरा फुटांचं परसदार. म्हटलं, बाहेर छानसं घर करू.

मोबाइलवर जाहिरात दिसली. 'आउटडोअर गिनीपिग पॅलेस. दोन मजली, अस्सल सागवान, वॉटरप्रूफ, सहा गिनीपिगसाठी.' किंमत ११,५०० वर काट मारून ६,९९९. फोटोत हिरवळीवर उभं देखणं घर, उतरतं छप्पर, वर जायला छोटी शिडी. फोटोत मागे एक धुराडं असलेलं विटांचं घरही होतं. असलं घर नाशकात सोडाच, महाराष्ट्रात कुठे असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

फोनवरचा माणूस अतिशय गोड. "दादा, तुमच्यासारखे प्राण्यांना जीव लावणारे आता राहिले नाहीत." मी उन्हाचं विचारलं, तर म्हणाला, "हा गरम देशातला प्राणी, नावच बघा ना, गिनी. ऊन मानवतं त्याला." मी मान डोलावली. गिनी देशाशी या प्राण्याचा काडीचा संबंध नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, थंड हवेचा. पारा २६-२७ च्या पुढे गेला की त्याला उष्माघाताची भीती असते. त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही त्याला नीट जमत नाही. हे मला नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

अर्धे पैसे आधी, उरलेले माल निघण्यापूर्वी. "ऑर्डरप्रमाणे बनवतो ना, म्हणून परत घेत नाही," हेही त्याने हसत हसत सांगून टाकलं. खरी मेख इथेच होती. 'ऑर्डरप्रमाणे' म्हणताना त्याने माझ्याकडून एकही माप घेतलं नव्हतं. मीही दिलं नाही. पावती म्हणून एक चित्र पाठवलं, त्यावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर.

एकोणिसाव्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. भाडं ८५० रुपये, तेही मीच भरायचं. खोकं उघडलं आणि रंगाचा भपकारा आला. टेप लावली. लांबी तीन फूट, रुंदी दीड. म्हणजे खालचा मजला साडेचार चौरस फूट आणि वरची खोली त्याच्याही निम्मी. दोन गिनीपिगना निदान साडेसात चौरस फूट सपाट जमीन लागते. हा प्राणी उंच उड्या मारत नाही, चढायची तर त्याला भीतीच वाटते. त्याला उंचीचा उपयोग नाही, पळायला लांबी हवी. शिडी इतकी उभी होती की चिंगी तिच्याकडे बघून परत फिरली.

खाली तर लाकडी तळच नव्हता, नुसती जाळी. "घाण आपोआप खाली पडते, साफसफाईची कटकट नाही," असं म्हणून त्याने तेही गुण म्हणून विकलं होतं. तारेवर सतत उभं राहून यांच्या तळपायांना जखमा होतात, पाय सुजतात, आणि ते दुखणं लवकर बरं होत नाही.

सागवानाची गोष्ट सुतारमामांनी उलगडली. त्यांनी एक फळी उलटी केली, तपकिरी रंग नखाने खरवडला आणि आत डागून उमटवलेला शिक्का निघाला. गव्हाच्या लोंबीसारखी खूण आणि शेजारी 'एचटी' ही अक्षरं. "साहेब, हे परदेशी माल ज्या लाकडी पाटावर ठेवून येतो ना, त्या पॅलेटचं लाकूड. पाइन. भट्टीत तापवलं की हा शिक्का मारतात." मी ज्याला सागवान समजून सात हजार मोजले ते कुठल्यातरी गोदामात मशीनखाली लोळलं होतं. छप्पर म्हणजे हिरवा रंग फासलेला पत्रा. एप्रिलच्या दुपारी आत थर्मामीटर ठेवला. बाहेर सावलीत ३७, आत ४४.

तरी पैसे गेलेत तर वापरून बघू, या कोकणस्थी विचाराने (मी कोकणस्थ आहे, मला म्हणायचा हक्क आहे) एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघींना आत सोडलं आणि मी चहाला आत आलो. पाच मिनिटांत किंकाळी. हो, गिनीपिग किंचाळतो. शेजारची बोकी जाळीला लोंबकळत होती. ती षटकोनी भोकांची कोंबड्यांची जाळी, आणि ठोकली होती कागदाला मारतात तसल्या पिनांनी. कोपरा उचकटून बोकीने पंजा आत घातला होता. चिंगीच्या कानाचा तुकडा गेला. वेळेत पोचलो म्हणून कानावर निभावलं. आणि ही तर मांजर. आमच्याकडे रात्री घुशी फिरतात, मागच्या ओढ्यातून मुंगूस येतं.

फोन केला. आता 'दादा' गेलं, 'सर' आलं. "सर, रिफंड डिपार्टमेंट कॉल करेल." दुसऱ्या दिवशी खरंच एकाचा फोन आला. आधी त्याने माझ्या खात्यात एक रुपया पाठवला, भरवसा बसावा म्हणून, आणि तो बसलाही. मग क्यूआर कोड आला. "स्कॅन करा, पिन टाका, पूर्ण रक्कम जमा होईल." मी पिनचे दोन आकडे टाकलेसुद्धा. पाठीमागून लेक ओरडली, "बाबा, पैसे घ्यायला पिन कशाला?" पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. मी बत्तीस वर्षं हिशेबनीस म्हणून नोकरी केली आहे, हे इथे लिहिताना लाज वाटते.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही केली. दोन्हीकडे तक्रारीचे नंबर मिळाले. पैसे अजून नाहीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीचं शुल्क नाही, पण नोटीस बजावायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे आहे ते फक्त पावतीचं चित्र.

शेवटी सुतारमामांनीच घर केलं. पाच फूट बाय अडीच फूट, एकच मजला, तळाला मरीन प्लाय, चारी बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली जाळी, पट्ट्या मारून स्क्रूने आवळलेली. दीड फूट उंच पाय, दोन कड्या, वर कौलं आणि कौलांखाली हवा खेळायला फट. पूर्वेच्या भिंतीला, शेवग्याच्या सावलीत ठेवलंय. ९,२०० रुपये झाले. तरीही होळीनंतर दोघी सकाळी दहाला घरात येतात आणि ऊन कलल्यावरच बाहेर जातात. पावसाळ्यात तर मुक्काम हॉलमध्येच, कारण ओल लागून गवताला बुरशी धरते. बायको माहेरी गेलेली नाही.

सागवानी महाल आता दारात चपला ठेवायला आहे. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. पेजचं नाव वेगळं, किंमत ५,४९९, फोटो तोच, मागे तेच धुराड्याचं घर. खाली कुणीतरी 'प्राइस प्लीज' लिहिलं होतं. मी त्यांना त्या फळीवरच्या शिक्क्याचा फोटो पाठवलाय. अजून उत्तर आलेलं नाही.