जुनी बोट घेताना: इंजिन किनाऱ्यावर तपासावं की समुद्रात?

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत कोकणातल्या बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. सौदा त्या दिवसांत निघाला, तर विकणारा मशीन जागेवरच चालवून दाखवतो आणि ‘आत्ताच ओव्हरहॉल केलंय’, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केलंय, असं म्हणतो. नाहीतर बंदी उठेपर्यंत थांबायचं आणि समुद्रात फेरी मारून बघायचं. घाई नसेल तर थांबाच, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी किनाऱ्यावरही बरंच कळतं.

आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर त्या दिवशी परत फिरा. तापवून ठेवलेलं इंजिन थकलेलं असलं तरी झटकन सुरू होतं. थंड इंजिन सुरू होताना आलेला थोडा पांढरा धूर चालतो. तापल्यावरही तो थांबला नाही, तर इंधन फवारणारे इंजेक्टर खराब आहेत, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) मात्र पाणी जोडल्याशिवाय चालवू देऊ नका, पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक (इम्पेलर) कोरडं फिरून लगेच जळतं. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) पिंपात चालवून बघता येतं. त्याच्या गिअरकेसचा (पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याचा) खालचा स्क्रू, मशीन रात्रभर उभं राहिल्यावर, जरासा सैल करा. आधी पाण्याचा थेंब आला किंवा ऑइल दुधाळ निघालं, तर सील गेलंय.

पण जागेवर इंजिनवर भार नसतो, आणि खरी दुखणी भाराखालीच बाहेर येतात. समुद्रात पूर्ण थ्रॉटल देऊन बघा, कंपनीने सांगितलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठतो का. बऱ्याच फोरस्ट्रोक आउटबोर्डना तो 5000 ते 6000 असतो. तसंच काही वेळ पळवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. आरपीएम कमी पडला म्हणून लगेच इंजिनला दोष देऊ नका. तळाला शेवाळ-शिंपल्या चिकटल्या असतील किंवा पंखा (प्रोपेलर) जास्त मोठा असेल.

आउटबोर्डचं कॉम्प्रेशन बघणं सोपं आहे: प्लग काढायचे, गेज लावायचा. सिलिंडरांच्या आकड्यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. इंजेक्शनवाल्या नव्या मशीनमध्ये किती तास चाललं, हे कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला लॅपटॉप जोडून वाचता येतं. नुसत्या मीटरवर विसंबू नका, तो बदलता येतो.

डिझेल इनबोर्डचं कॉम्प्रेशन बघायला जास्त खटपट लागते. तिथे ऑइलचा नमुना लॅबला पाठवणं मला जास्त उपयोगी वाटतं. त्यात लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम किती झिजून आलंय ते दिसतं आणि खारं पाणी शिरल्याचा संशयही येतो. मात्र ऑइल कालच बदललं असेल तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. ते किती तास चाललंय, हे आधी विचारा.

ओव्हरहॉलचा दावा असेल तर लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांची बिलं मागा आणि इंजिन नंबर कागदांशी जुळवा. तपासायला मिस्त्री आपला न्या. ज्याने मशीन उघडलं होतं त्यालाच विचारून काय कळणार?

बंदीतच घ्यायची वेळ आली तर फक्त इसार द्या. बाकी रक्कम बंदी उठल्यावर समुद्रातली फेरी होऊन आरपीएम आणि तापमान ठीक आलं तरच मिळेल, नाहीतर इसार परत, हे लेखी घ्या. एवढ्यालाही विकणारा तयार नसेल, तर मी ती बोट घेणार नाही.