झाप्फिनो: लेखणीचा डौल जपणारा फाँट
जर्मन सुलेखनकार हेरमान झाप्फ यांनी १९४४ मध्ये केलेल्या सुलेखनातून स्फुरलेला आणि १९९८ मध्ये लिनोटाइप या फाँट बनवणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेला झाप्फिनो हा रोमन लिपीचा फाँट मानपत्रे व निमंत्रणपत्रिकांसाठी मला अतिशय देखणा वाटतो. लहान ‘एफ’ची शेपटी ओळीखाली इतकी लांब उतरते, की तिरक्या कापाच्या बोरूने ती एका दमात ओढली असावी. एकेका अक्षराची अनेक रूपे त्यात असल्याने लागोपाठची दोन अक्षरे हुबेहूब सारखी ठेवावी लागत नाहीत, आणि हाताच्या लिखाणाची लय छपाईतही टिकते. माझ्या मते हेच त्याचे खरे वैभव आहे. मात्र ओळींमध्ये भरपूर अंतर सोडावे, अन्यथा वरच्या शेपट्या खालच्या शब्दांत गुंततात. सलग मजकुरासाठी तो मुळीच वापरू नये.