आरईडब्ल्यूचा वापरानंतरचा अनुभव: खरखर वेगळी मोजा, हमिंग वेगळं मोजा

अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांत मी जात्यावरच्या ओव्या आणि भारुडं रेकॉर्ड करतो. आजी गळ्यातल्या गळ्यात गातात, त्यामुळे गेनचं, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवायचं, बटण जवळपास शेवटापर्यंत न्यावं लागतं आणि आवाजासोबत यंत्रणेतली सगळी घाणही वर येते: सगळीकडे पसरलेली खरखर आणि विजेच्या लाइनचं हमिंग, म्हणजे गुणगुण. ती किती आहे आणि कुठून येते, हे शोधायला मागच्या दिवाळीपासून रूम ईक्यू विझार्ड, म्हणजे आरईडब्ल्यू, वापरतोय. जॉन मलकाही यांचं हे सॉफ्टवेअर मुळात खोलीचा ध्वनी मोजण्यासाठी आहे. फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मला त्यातलं आरटीए, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख, तेवढंच लागतं, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ते ठेवण्यासारखं आहे.

इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) माहितीपत्रकात नॉइजचा आकडा असतो, उदाहरणार्थ -१२८ डीबीयू (व्होल्टेजच्या पातळीचं डेसिबलमधलं माप, जितकं खाली तितका नॉइज कमी), ए-वेटेड (कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सी कमी धरून). आकडा उत्तमच आहे. १५० ओहमचा नुसता रेझिस्टर खोलीच्या तापमानाला, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, काहीही न करता -१३१ डीबीयूच्या आसपास नॉइज देतो. त्याच्या खाली कुठलाच प्रीअँप, म्हणजे इंटरफेसमधलं माइकचा सिग्नल वाढवणारं सर्किट, जाऊ शकत नाही. पण ‘ए-वेटेड’ या शब्दाकडे नीट बघा. हे वेटिंग ५० हर्ट्झला ३० डीबीने आणि १०० हर्ट्झला १९ डीबीने दाबतं. म्हणजे हमिंग असलं तरी त्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही. घरी आणून लावल्यावर “कंपनीनं तर एवढं चांगलं सांगितलं होतं” असं वाटतं, त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं आपल्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये.

मोजायची पद्धत सोपी आहे. धातूच्या एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाखून घ्या. हा झाला खोटा माइक. फँटम (इंटरफेसकडून माइकला जाणारी वीज) बंद, गेन पूर्ण, आरटीए सुरू. प्लग प्लास्टिकचा नको, तो स्वतःच हमिंग पकडतो.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण हीच सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. स्क्रीनवर खाली जी गवतासारखी रेषा दिसते, ती म्हणजे तुमचा एकूण नॉइज नव्हे. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला ६५५३६ ची एफएफटी (आवाजाचे फ्रिक्वेन्सीनुसार कप्पे पाडणारं गणित) घेतली तर प्रत्येक कप्पा फक्त ०.७३ हर्ट्झचा असतो, आणि रेषा त्या एका कप्प्यातला नॉइज दाखवते. रेषा -१३० वर असेल तर २० किलोहर्ट्झची बेरीज -८६ च्या आसपास निघते. एफएफटी दुप्पट करा, रेषा ३ डीबी खाली जाईल. इंटरफेस मात्र आहे तसाच. हमिंगचे सुळके हलत नाहीत, कारण ते एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. हा फरक कळला की खरखर कुठली आणि हमिंग कुठलं, हे डोळ्यांनीच वेगळं करता येतं. स्क्रीनशॉटची तुलना करताना म्हणूनच एफएफटी किती घेतली होती हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुळक्यांची जागा बघून चोर सापडतो. ५० हर्ट्झसोबत १५०, २५० असेल तर अर्थिंग, ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्यानं झालेलं वेटोळं) किंवा शेजारी ट्रान्सफॉर्मर. १०० आणि त्याच्या पटी दिसल्या तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी बंद करून बघा. १००० च्या पटी यूएसबीकडून येतात. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर विषम पटींची रांगच लागते. भारनियमनात रेकॉर्डिंग करायचंच असेल तर लॅपटॉप बॅटरीवर ठेवा.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो उन्हाळ्यात. एप्रिलनंतर ५० चा सुळका हळूहळू वर चढत गेला. यंत्रणेत काहीच बदललं नव्हतं. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. आपल्याकडची काळी माती वाळली की भेगाळते, अर्थिंगच्या सळीपासून सुटते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. वायरमन मामांना बोलावलं, ते म्हणाले, “सर, खड्डा कोरडा ठाक पडलाय, पाणी घाला.” आधी जोडणी तपासली, मग त्यांनी खड्ड्यात मीठ घातलं आणि घागरीनं पाणी ओतलं. मी आत आरटीए चालू ठेवून बसलो होतो. सुळका एकदम नाही पडला, पण पाणी मुरत गेलं तसा डोळ्यांसमोर खाली आला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालणं हा रेकॉर्डिंगच्या तयारीचाच भाग मानतो. काहीजण हमिंग घालवायला प्लगची तिसरी पिन तोडतात. कृपा करून तोडू नका. आवाज गेला तरी करंट लागायचा धोका घरात राहतो, आणि माइक हातात धरणारी व्यक्ती बहुतेकदा तुमची पाहुणी असते.

आरईडब्ल्यूच्या त्रुटी सांगायच्या तर, मेनू भरगच्च आहे आणि पहिले काही दिवस कुठे काय आहे ते सापडत नाही. डीबीयूत खरा आकडा हवा असेल तर माहीत असलेला सिग्नल देऊन कॅलिब्रेट करावं लागतं, आणि स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज कमी फ्रिक्वेन्सीवरच बरोबर दाखवतो, म्हणून ४०० हर्ट्झपेक्षा वरचा टोन वापरू नका. नुसतं ‘आधी आणि नंतर’ बघायचं असेल तर याची काही गरज नाही.

लॅपटॉप न नेता हातातला रेकॉर्डर वापरत असाल, तर त्याच खोट्या माइकवर मिनिटभराच्या दोन फाइली घ्या, एक बॅटरीवर आणि एक चार्जर लावून. ऑडॅसिटीतल्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये दोन्ही उघडा. दुसरीत जे जास्तीचे सुळके दिसतील ते चार्जरच्या वाटेनं आलेले. माइक बदलून ते जाणार नाहीत.