रात्रीच्या गाडीतले ढेकूण: फवारा, एसीचं तिकीट की शिवलेली खोळ?

बडनेऱ्याहून किंवा वर्ध्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई-पुण्याला जाणाऱ्याला ढेकूण काय असतो हे सांगायला नको. घरून निघताना तयारी कोणती करावी, एवढंच ठरवायचं असतं. आपल्याकडं लोक तीनपैकी एक काहीतरी करतात. बॅगेत फवाऱ्याचा डबा टाकतात, पैसे वाढवून एसीचं तिकीट काढतात, नाहीतर स्वतःचं अंथरूण घेऊन निघतात. तिन्ही मी करून पाहिलं आहे.

फवाऱ्याचं आधी उरकतो. दुकानात मिळणाऱ्या डब्यात बहुतेक पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, आणि बऱ्याच ठिकाणच्या ढेकणांना आता ते लागू पडत नाही. अंड्यांवर तर त्याचा फारसा परिणाम होतच नाही. मी मारला तेव्हा दोन-चार ढेकूण बाहेर येऊन पडले, शिवणीच्या आतले आतच राहिले. समोरच्या मावशींच्या मांडीवर लेकरू होतं. त्या म्हणाल्या, “भाऊ, इथं लहान जीव आहे, काहून मारून राहिले?” मी डबा ठेवून दिला. लोक निजलेले असताना गाडीच्या बंद डब्यात विषारी औषध उडवणं मला तरी पटत नाही. डांबर गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला यांचाही मला गुण आला नाही. कोणाला आला असेल तर माझा वाद नाही.

एसीच्या तिकिटानं झोप चांगली लागते, हे खरं. चादरी धुतलेल्या मिळतात. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. पण ढेकणाचं घर चादरीत नसतंच. तो बर्थच्या रेक्झिनच्या शिवणीत असतो, साखळीच्या कडीमागं असतो, साइड लोअरच्या दोन सीटा जुळतात त्या फटीत असतो. मोबाइलचा टॉर्च लावून शिवण बोटानं जरा उघडली की खसखशीसारखे काळे ठिपके दिसतात. ती त्याची विष्ठा. असे ठिपके मला स्लीपरमध्ये दिसले, तसे एसीतही दिसले. गाडी यार्डात रिकामी उभी राहिली म्हणून ते उपाशी मरतात असंही नाही. मोठा ढेकूण रक्ताविना कित्येक महिने काढतो. माझ्यापुरतं सांगायचं तर वरच्या बर्थवर त्रास कमी झाला, खालच्यावर जास्त.

इथवर दोन्हीत उन्नीस-बीसच फरक आहे असं कोणी म्हणेल, आणि चावण्यापुरतं बोलायचं तर मीही म्हणेन. चावा दोन-चार दिवस खाजतो, गांध्या बसतात. ढेकणामुळं रोग पसरतो असं अजून तरी सिद्ध झालेलं नाही. मला खरा त्रास झाला तो गाडीतून उतरल्यावर.

एका दिवाळीत आमच्या घरी ढेकूण आले ते बॅगेतून. रात्रभर खालच्या बर्थखाली, अंधारात, भिंतीला टेकून पडलेली बॅग. तिची चेन, तिचे कप्पे, तिच्या शिवणी, ढेकणाला लपायला याहून सोयीची जागा कोणती? घरी आल्यावर बॅग बाजेवर ठेवली गेली, आणि पुढचे कित्येक महिने घर त्यात गेलं. बाजेच्या सुतळीचा प्रत्येक पीळ, खुराच्या भोकातली प्रत्येक चीर भरलेली. बाज अंगणात उभी करून उकळतं पाणी ओतलं. आठवडा-दहा दिवसांत अंडी फुटली की पुन्हा तेच. शेवटी सगळी सुतळी काढून जाळली आणि बाज नव्यानं विणली. घरच्याच सरकीवेगळ्या कापसाच्या गाद्या होत्या, त्याही उसवून रुई उन्हात घालावी लागली. त्या काळात आईनं एकाही पाहुण्याला मुक्कामाला थांब म्हटलं नाही. तिला त्याचं फार लागलं होतं.

म्हणून मी आता रात्री किती चावले हे मोजत नाही, सोबत घरी काय येतं ते बघतो. फवारा बॅगेला वाचवत नाही. एसीतही बॅग बर्थखालीच जाते.

राहिलं स्वतःचं अंथरूण, म्हणजे माझी खोळ. शिंप्याकडून पांढऱ्या मांजरपाटाची, तीन बाजूंनी शिवलेली, आपल्या उंचीपेक्षा हातभर लांब. पाय घालून आत शिरायचं आणि वरचं टोक उशीवर घ्यायचं. घट्ट विणीतून ढेकूण सहसा चावत नाही, आणि पांढऱ्यावर चालताना लगेच दिसतो. तो उडत नाही, उडी मारत नाही, चालतच येतो. तोंड आणि हात उघडे राहतात, तेवढा धोका उरतोच. उन्हाळ्यात खोळीत उकडतं, हेही सांगायला हवं. बॅगेसाठी जाड काळी प्लास्टिकची थैली घ्यायची, तोंड पिळून सुतळीनं आवळायचं. खालच्या बर्थखाली ठेवायची ती बॅग थैलीतच.

घरी आल्यावर थैली अंगणातच सोडायची. कपडे आणि खोळ थेट कढत पाण्यात. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा बॅग त्याच थैलीत सैल ठेवून दिवसभर टिनाच्या छपरावर टाकायची, मधे एकदा उलटायची. ५० अंशांच्या आसपास ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, आणि तापलेल्या टिनावर काळ्या थैलीत तेवढं होऊ शकतं. पावसाळ्यात हे जमत नाही. तेव्हा बॅगेच्या शिवणी ब्रशनं घासून ती थैलीत बांधूनच ओसरीबाहेर ठेवावी लागते.

फार ढेकूण दिसले तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवा, पुढच्या प्रवाशासाठी तरी. म्हातारे आईवडील सोबत असतील किंवा ऐन उन्हाळा असेल तर एसीचं तिकीट जरूर काढा, पण ते उकाड्यासाठी. बॅग तेव्हाही थैलीतच न्या.